कोपराखाली चार बोटं

११ जानेवारी
हंगाम सुरू झाला एकदाचा. वैनींकडे आज पोह्याच्या पापडाचा पहिला घाणा. कारखाना म्हणायचं, आहे त्यांच्या घराची पुढची मोठी खोली. आम्ही सगळ्या गोल करून जमिनीवर बसलो, प्रत्येकीपुढे पोळपाट, मध्ये पीठ. माझी जागा दाराच्या चौकटीशी. डाव्या हाताला यमुना, नेहमीसारखी. आमच्या दोघींच्या बुडाखालची फरशी झिजली असेल आतापर्यंत.
यमुना म्हणाली, "मंदे, पावसाळाभर काय केलंस गो?"
म्हटलं, "तुझी वाट बघितली."
सगळ्या हसल्या. खरं तेच होतं.
दुपारी लाटीचा मान, नवीन पोतं फोडलं की असतो तो. वयाने मोठी असेल तिने पापडाची कच्ची लाटी तेलात बुडवून शेजारणीच्या हातात द्यायची, तिने पुढचीच्या. अशी एकेक लाटी हातोहात फिरत शेवटच्या बाईपर्यंत जाते. मग सगळ्यांनी एकदम तोंडात टाकायची. यंदा मोठी मीच निघाले. मिरची जहाल होती, यंदाच कामाला लागलेल्या सुनीच्या डोळ्यात पाणी आलं.
उठताना चौकट धरावी लागली. यमुनाने पाहिलं.

१६ जानेवारी
संक्रांतीचा तिळगूळ वैनींनी सगळ्यांना दिला. हळदीकुंकवाचं ताट माझ्यापाशी आलं तसं पुढे गेलं. आता त्याचं काही वाटत नाही. थोडं वाटतं.
उजव्या पायात मुंग्या. एक मांडी घालायची, एक गुडघा उभा, नि त्याच्यावरून पोळपाटावर वाकायचं. सकाळी बसले की जेवायलाच उठायचं. मधे उठली ती कामचुकार.
घरी आले. कुलूप मीच लावलेलं, मीच काढलं. वर्षाचा रोह्याहून फोन. "आई, कशी आहेस?" "बरी." लेकीला दुसरं काय सांगणार. भात टाकला, एका माणसाचा भात कधी नीट होत नाही. एकतर करपतो नाहीतर उरतो.

२२ जानेवारी
लाज गेली.
दुपारी उठायला गेले तर उजवा पाय माझा नव्हताच. धाडकन आडवी, ती नेमकी ओल्या पापडांच्या चादरीवर. सकाळपासूनचं सगळ्यांचं काम. आधी सगळ्या हसल्या. मला उठता येईना तेव्हा हसू थांबलं. यमुना नि सुनी दोघींनी उचललं. पाठीला पापड चिकटलेले. यमुना ते सोलून काढत होती नि म्हणत होती, "हालू नको गो, हालू नको."
वैनी पापडांबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.
कोणीतरी वर्षाला फोन केला. कोणी, ते मला माहीत आहे.

२५ जानेवारी, रोहा
परवा वर्षा स्वतः न्यायला आली. पॅसेंजरने आलो. निडीला गाडी बराच वेळ थांबली, उभंही राहवेना, बसवेना. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, बसा ना ताई. त्यांना काय सांगू, बसण्यानेच झालंय.
आज व्यायामाच्या डॉक्टरीणबाई. वर्षापेक्षा लहान असतील. म्हणाल्या, "काम करताना कशा बसता ते दाखवा." मी साडी खोचून त्यांच्या गुळगुळीत फरशीवर बसले, हवेत पापड लाटून दाखवला. त्या शेजारी येऊन बसल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अशा किती वर्षं?" मी म्हटलं, "लग्न झाल्यावर दोन वर्षांनी धरलं. आता नातीला दाढा आल्या."
त्यांनी समजावून सांगितलं. वाकून बसलं की मणक्यांमधल्या गाद्या पुढून दाबल्या जातात, मागे सरकतात, मग पायाची शीर चिमटते. एक दिवस बसल्याने काही होत नाही, रोज तासन् तास बसल्याने होतं. दुखलं की थांबायचं असतं, आपण दुखेपर्यंत थांबतच नाही. "काम सोडू नका. पोळपाट वर आणा, तुम्ही खाली जाऊ नका."
टेबलाचं माप सांगितलं. सरळ उभं राहायचं, कोपर अंगाला लावून हात पुढे वाकवायचा. कोपराच्या खाली चार बोटं लाटायची जागा आली पाहिजे. एक पाय पाटावर, थोड्या वेळाने दुसरा. अधूनमधून सगळं सोडून चार पावलं चालायचं. खांदे कानाला लावायचे नाहीत.
सगळं पटलं. काम सोडू नका म्हणाल्या तेव्हा रडूच येणार होतं.

२६ जानेवारी, रोहा
वर्षाचं म्हणणं वेगळं. "आई, पुरे झालं. पेणची खोली सोड, इकडे ये." जावईसुद्धा चांगले आहेत, तेही म्हणाले. घर छान आहे. सकाळी तिघं बाहेर पडतात, संध्याकाळी येतात. मधल्या वेळात फ्रीज बोलतो. परवा दिवसभर मी त्याच्याशी बोलले.
सुट्टी असून वर्षा कंपनीचं काम घेऊन बसली होती. सोफ्यावर, पाठीची कमान, नाक लॅपटॉपात. म्हटलं, "खांदे कानाला लागलेत तुझे." म्हणाली, "आई, तू माझं नको बघू." लोकां सांगे ब्रह्मज्ञान.
शेवटी ठरलं ते असं: हा हंगाम करायचा. परत पडले, किंवा परत अंथरूण धरलं, तर पेण सोडायचं. तिने हात पुढे केला, मी हातावर हात मारला. लेकीला दिलेला शब्द मोडता येत नाही. तिने मला जाड मऊ तळव्याच्या चपलाही घेऊन दिल्या.

२ फेब्रुवारी
वैनींना विचारलं. म्हणाल्या, "मंदाताई, उभ्याने पापड? बरं, पुढे जागा नाही, मागच्या खोलीत खिडकीशी ठेवा. टेबल तुमचं तुम्ही बघा."
सुताराकडे जाऊन माप दिलं. कोपर अंगाला, खाली चार बोटं. तो म्हणाला, "लग्नाच्या ब्लाउजाचं माप पण असं कोण देत नाय."

८ फेब्रुवारी
टेबल आलं. सगळ्या बघायला मागच्या खोलीत. सुनी म्हणाली, "ताई, आता छडी घ्या हातात." यमुना टेबलावरून हात फिरवून म्हणाली, "लाकूड चांगलं हाय."
लाटायला घेतलं नि लक्षात आलं, उंच होतंय. दिवसभर खांदे वर. संध्याकाळी मान वळेना. म्हणजे कंबर वाचवायला गेले नि मान दिली.

९ फेब्रुवारी
कळलं! माप दिलं तेव्हा पायात वर्षाच्या जाड चपला होत्या. कारखान्यात चपला दाराबाहेर, आयुष्यभर अनवाणी. शिवाय पोळपाटाची उंची धरलीच नव्हती. इतकी वर्षं पोळपाट पुढ्यात, नि त्याला उंची असते हे विसरले.
कोणाला सांगितलं नाही. गपचूप पाट घेऊन त्यावर उभी राहिले. सुतार पाय कापायला कधी येतो, तो जाणे नि त्याची करवत.

१३ फेब्रुवारी
सुतार आला. पाय कापले. आता बरोबर. पाट रिकामा झाला, तो टेबलाखाली ठेवलाय, एक पाय टेकायला.
कं. बरी. म्हणजे कंबर. रोज लिहायची तर पूर्ण कशाला लिहा.

१८ फेब्रुवारी
कं. बरी. पायात मुंग्या नाहीत. पापड पूर्वीइतके होतात, थोडे जास्तच. डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं.
पण मागच्या खोलीत दिवस सरत नाही. पुढे काहीतरी सांगणं चाललेलं असतं, मग सगळ्या खो खो हसतात. मला हसू ऐकू येतं, गोष्ट ऐकू येत नाही. आज दोनदा लाटणं हातात घेऊन दारापर्यंत गेले. "काय झालं गो?" सुनी म्हणाली, "काय नाय ताई, असंच." असंच म्हणजे परत सांगायचा कंटाळा. माझाही होता, नवीन बाईला मीसुद्धा असंच म्हणायचे.
समोर खिडकी. खिडकीत शेजाऱ्यांची टाकी. तिच्यावर कावळा येतो. त्याला आता ओळखते.

२१ फेब्रुवारी
आज लाटी आली नाही.
मी वाट बघत होते. तेलाची वाटी फिरल्याचा आवाज आला, सुनी "हाय हाय तिखट" म्हणाली, म्हणजे खाऊन झालंच. खालच्या गोलात आता मोठी यमुना. तिने दिली, ती हातोहात फिरली, शेवटच्या बाईपाशी संपली. गोलात नाही ती बाई कोणाच्या हाताला लागणार? मुद्दाम नाही केलं कोणी. मुद्दाम केलं असतं तर भांडता आलं असतं.
घरी येऊन रडले. चोपन्न वर्षांची बाई पापडाच्या लाटीसाठी रडते. एकटा जीव सदाशिव म्हणतात, सदाशिवाला पार्वती होती.

२७ फेब्रुवारी
नाही राहवलं.
यमुनाच्या धाकटीचं लग्न ठरलं. सकाळपासून पुढच्या खोलीत तेच. मुलगा हमरापूरचा, गणपती रंगवतो, बोटं नाजूक आहेत, सुनी म्हणते संसाराला बरी. मी सरळ पोळपाट उचलला नि जाऊन चौकटीशी बसले. सुनी बसली होती तिथे, तिला म्हटलं सरक. यमुनाने नुसतं बघितलं नि माझ्यापुढे पीठ सारलं.
काय दिवस गेला! मुलगा काय बोलला, मुलाची आई काय बोलली, यमुनाच्या नवऱ्याने चहात मीठ कसं टाकलं. हसून पोट दुखलं. लाटी मी दिली.
एकदाही उठले नाही. उठावंसं वाटलं नाही.

२८ फेब्रुवारी
कं. — लिहवत नाही.

२ मार्च
अंथरुणात. कूस बदलायची तर आधी विचार करावा लागतो. वर्षाचा फोन आला, नेहमीचं बोलले. "आज लवकर घरी?" "हो, घाणा लवकर संपला." खोटं. शब्द दिलाय, नि अंथरूण धरलंय. फक्त तिला माहीत नाही.
दार नुसतं लोटून ठेवलंय, कोणी आलं तर उठावं लागू नये म्हणून. दूधवाला आला.

३ मार्च
यमुना आली. डब्यात भात, वालाचं बिरडं. "उठू नको." मला भरवायला निघाली, मी म्हटलं हात मोडलेत काय माझे.
डब्याचं झाकण तिला उघडेना. डाव्या हातात धरून उजव्याने ओढत होती, मग साडीत धरलं, मग दातांनी. मी म्हटलं, "बघू हात." "काय नाय, गार पडलाय." मार्च महिन्यात. मनगट सुजलेलं. अंगठा वळत नाही.
"कधीपासून?"
"दिवाळीपास्नं. जाऊ दे, लग्न काढलंय."
एवढी जवळ बसते, कळलं नाही मला.
जाताना म्हणाली, "वर्षाला मी नाय सांगणार, घाबरू नको." पहिल्या वेळी तिनेच सांगितलं होतं, हे तिने आपल्या तोंडाने सांगून टाकलं.

९ मार्च
परत टेबलाशी. व्यायाम रोज करते, भिंतीला पाठ लावून. कं. सुधारतेय.

१२ मार्च
वैनींना म्हटलं, टेबल पुढच्या खोलीत आणू का, कोपऱ्यात मावेल. त्या हो म्हणाल्या. दोघीतिघींनी उचलून आणलं.
पुढे आले खरी. पण मी उभी, त्या खाली. पहिल्यांदाच सगळ्यांना वरून बघितलं. कोणाच्या भांगात किती पांढरे, ते दिसलं. नि पाठी. सगळ्यांच्या पाठी सारख्या वाकलेल्या, सुनीचीसुद्धा, तिला अजून तिशी लागायची आहे. खाली बसलं की आपला पोळपाट दिसतो, शेजारणीचा चेहरा दिसतो, पाठ दिसत नाही. यमुना दर दोन पापडांनी उजवा हात झटकत होती. उठताना तिने चौकट धरली. चौकटीला तेलकट हाताचा डाग पडलाय, तो माझ्या उंचीवर नाही. तिच्या उंचीवर आहे.
मी बघत होते ते त्यांना कळलं असावं. गप्पा आटल्या. सुनी हसत हसतच म्हणाली, "ताई, परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय हो." संध्याकाळी वैनी म्हणाल्या, "मागेच बरं होतं का मंदाताई?"
टेबल मागे गेलं. कावळा होताच.

१९ मार्च
यमुनाला वाटेत गाठून सांगितलं. तुझं मनगट, तुझी पाठ, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई बोलल्या ते जसंच्या तसं. टेबल मोठं आहे, दुसऱ्या बाजूला तू ये.
भडकली. "तू उठलीस म्हणून मला पण उठवतंस? लग्नात पाच पाव्हणे विचारतील, यमुनाला काय झालं? आजारी हाय म्हणून मुलीला लवकर उजवली म्हणतील! तुझं काय, तुला विचारणारा कोण हाय?"
बोलून गेली. मग तिचंच तोंड पडलं. मी पण उभी राहिले नाही.
कोण हाय. खरंच आहे.

२४ मार्च
यमुना बोलत नाही. मीही नाही. पुढच्या खोलीत हसणंसुद्धा कमी ऐकू येतं, की माझेच कान गेले.
वर्षाचा फोन. "आई, एप्रिलनंतर तरी ये कायमची. परत काही झालं नाही ना?" "नाही." यमुना बोलत नाही म्हणून येऊ का, असं विचारणार होते. फ्रीज आठवला. पण इथे तरी कोण बोलतंय. निदान तिकडे संध्याकाळी नात शाळेतून येते.
म्हटलं, "हंगाम संपू दे, सांगते."

३० मार्च
आज चालायला उठले, दारापर्यंत गेले, तर यमुना लाटणं डाव्या हाताने धरून लाटत होती. पापड वाकडा. तिचा पापड वाकडा मी कधी पाहिला नव्हता. तिने तो मोडून परत लाटीत घातला. वैनींनी बघितलं. 
घरी आल्यावरही तेच डोळ्यापुढे. माझा पाय गेला तेव्हा मला रोह्याला नेणारी लेक होती. यमुनाची लेक तर आता लग्न होऊन जायची.

३ एप्रिल
दुपारी यमुना मागच्या खोलीत आली. हातात तेलात बुडवलेली लाटी. माझ्यापुढे धरली. मी खाल्ली. तिनेही तिची तिथेच खाल्ली, उभ्याने. खूप वेळ आम्ही दोघी तोंड मिटून चावत होतो.
मग तिने टेबलाच्या कडेला उभं राहून कोपर अंगाला लावलं, हात पुढे केला. पोळपाट तिच्या कोपराच्या वर गेला.
"हे तुझ्या मापाचं हाय."
"व्हय."
"माझ्या नाय."
एवढंच. गेली. पण बघितलं तिने. मी सांगितलेलं सगळं तिच्या लक्षात होतं, चार बोटांसकट.

५ एप्रिल
आज वही पिशवीत घालून कारखान्यात आणली, लवकर आले म्हणून. अजून कोणी नाही. वैनींनी किल्ली दिली.
टेबल भिंतीपासून ओढून मधे घेतलं. जड होतं, पण वाकून नाही ओढलं, गुडघ्यांतून ओढलं, शिकवलंय तसं. खिडकीची बाजू माझी ठेवली. समोरच्या बाजूला खाली पाट ठेवला, तोच, चपलांच्या घोटाळ्यातला. त्यावर उभी राहून बघितलं. मला टेबल ठेंगणं वाटलं, वाकावं लागलं. म्हणजे तिला बरोबर होईल. पाटाखाली पोतं दुमडून घातलं, हलू नये म्हणून. तिचा पोळपाट पुढून आणून मांडला. मग वाटलं, आगाऊपणा झाला. परत पुढे नेऊन ठेवला. मग परत आणला.
काल रात्री वर्षाला सगळं सांगितलं, अंथरूण धरलं होतं तेही. रागावली. रडली. म्हणाली, "शब्द दिला होतास." म्हटलं, "दिला होता. तू सांगशील तसं. फक्त हा आठवडा थांब." ती हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. फोन ठेवताना म्हणाली, "आई, मी पण खुर्ची घेतलीय."
बाहेर चपला निघायला लागल्या. सुनी आली. सुनीच्या मागे आणखी दोघी. पुढच्या खोलीत पोळपाट मांडण्याचा आवाज. "यमुनाबाईचा पोळपाट कुठं गेला गो?" सुनी विचारतेय.
यमुनाचं चालणं मला कळतं, एक पाय जरा घासते. आली. चपला काढल्या. चौकटीशी थांबली आहे. तिथून उजवीकडे वळलं की तिची जागा, सरळ आलं की मी.
 लाटणं तिच्या पिशवीत असतं, ते काढल्याचा आवाज आला.
वही पिठात जाईल. ठेवते.